वेगळा संघ मागण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा खर्डा सावकाश वाचला. अनेक कॅरिबियन देशांचा मिळून बनलेला वेस्ट इंडिजचा क्रिकेट संघ मोडावा आणि जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना यांनी आपापले संघ उतरवावेत, असं तू लिहिलं आहेस. पहिला पुरावा दिला आहेस तो पराभवांचा. 2022 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात स्कॉटलंड आणि आयर्लंड या दोघांकडूनही हार, 2023 च्या एकदिवसीय विश्वचषकाला पात्रच नाही, आणि जुलै 2025 मध्ये किंग्स्टनला ऑस्ट्रेलियासमोर अख्खा डाव 27 धावांत संपला. सगळं खरं आहे, तरी हा परिच्छेद काढून टाक. हाच संघ 1980 ते 1995 एकही कसोटी मालिका हरला नव्हता. हरतो म्हणून मोडायचा, तर तेव्हा तो जिंकतो म्हणूनच एकत्र होता असं म्हणावं लागेल, आणि ते खरं नाही. वेगळं व्हायची इच्छा तेव्हाही होती. ती गुणफलकावरून जोखता येत नाही.

ती इच्छा समजून घ्यायची तर 1958 पासून सुरुवात कर. त्या वर्षी कॅरिबियन बेटांचं संघराज्य झालं. 1961 मध्ये जमैकाच्या लोकांनी सार्वमतात बाहेर पडायचा कौल दिला, आणि पुढच्या वर्षी संघराज्य बरखास्त झालं. जमैका आणि त्रिनिदाद 1962 मध्ये स्वतंत्र झाले, गयाना आणि बार्बाडोस 1966 मध्ये. क्रिकेटचा संघ मात्र 1928 च्या पहिल्या कसोटीपासून एकच राहिला. फ्रँक वॉरेल 1960-61 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर कर्णधार म्हणून गेला, तेव्हा हे संघराज्य अजून उभं होतं. बेटाबेटांचे कंपू मोडून त्याने एक संघ घडवला, असं त्याच्याबद्दल जाणकार आदराने सांगतात. दोन वर्षांत संघराज्य गेलं, संघ टिकला. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि तुझ्या खर्ड्यात तिला एक ओळही मिळालेली नाही.

बार्बाडोसने आपली ताकद एकदा अजमावून पाहिली होती. स्वातंत्र्याचा सोहळा म्हणून 1967 मध्ये या बेटाने उरलेल्या जगाच्या संघाशी सामना खेळला. सोबर्स, वेस हॉल, चार्ली ग्रिफिथ हे नामवंत खेळाडू सगळे त्याच मातीतले. बेट मोठ्या फरकाने हरलं. पण मी तिथला असतो तर मलाही तो सामना व्हायला हवा होता. तीनेक लाखांहून कमी लोकांच्या देशाने एवढी हिंमत करावी, यात मला काहीही हास्यास्पद वाटत नाही.

आता अँटिगाचा विचार कर. लोकसंख्या लाखभर. अँडी रॉबर्ट्स 1974 मध्ये कसोटी खेळणारा पहिला अँटिगन ठरला. त्याच्यामागोमाग व्हिव्ह रिचर्ड्स आला, पुढे अँब्रोज आला. अँटिगाचा एकट्याचा संघ असता तर रॉबर्ट्सला कसोटी मिळाली असती का? शमार जोसेफ गयानातल्या बाराकारा या नदीकाठच्या, होडीने गाठाव्या लागणाऱ्या गावातला. जानेवारी 2024 मध्ये त्याने ब्रिस्बेनला सात बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवलं. ही संधी त्याला एकत्र संघानेच दिली. एकत्र संघाचा सर्वांत मोठा लाभ सर्वांत लहान बेटांना होतो, आणि तो मोडावा असं म्हणणारा आवाज बहुधा मोठ्या बेटांचा असतो. तुझ्या लेखात चार मोठी नावं आहेत. अँटिगा, सेंट लुसिया, ग्रेनाडा कुठेच नाहीत. त्यांनी कुठे जायचं, हे तुला सांगावं लागेल.

दुसरीकडे आफ्रिका बघ. 1975 च्या पहिल्या विश्वचषकात ‘पूर्व आफ्रिका’ नावाचा संघ होता. केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया अशा चार देशांचा. तिन्ही सामने हरला. भारताने तर त्याला दहा गडी राखून हरवलं. केनिया वेगळा झाला आणि 29 फेब्रुवारी 1996 रोजी पुण्यात त्याने वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळलं. 2003 मध्ये तो उपांत्य फेरीत होता. युगांडा 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषक खेळला आणि त्यात एक सामना जिंकलाही. त्या जुन्या एकत्र संघात राहून यातलं काही झालं असतं असं मला वाटत नाही. हा तुझा सगळ्यात भक्कम पुरावा, तो पुढे आण. पण केनियाची पुढची गोष्टही सांग: मंडळातली भांडणं, देशांतर्गत स्पर्धांची हलाखी, आणि 2014 मध्ये गेलेला एकदिवसीय दर्जा. वरची पायरी मिळाली, खालच्या पायऱ्या बांधल्याच नाहीत.

नामिबियाने त्या बांधल्या, किंवा खरं तर शेजाऱ्याच्या वापरल्या. झेंडा स्वतःचा, पण त्याचे खेळाडू दक्षिण आफ्रिकेच्या देशांतर्गत स्पर्धांत वर्षानुवर्षं खेळले. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडहुकला त्याच दक्षिण आफ्रिकेला त्यांनी शेवटच्या चेंडूवर हरवलं. वेगळा संघ हवा म्हणणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचार: त्या संघातला अठरा वर्षांचा गोलंदाज वर्षभर कुणाविरुद्ध खेळणार आहे?

क्रिकेटमध्ये इंग्लंडसोबत एकाच संघात असलेल्या वेल्सवर तू दोनच वाक्यं लिहिली आहेस, तेवढी पुरेत. फक्त एक दुरुस्ती कर. तिथे इच्छा नाही असं नाही. फुटबॉल आणि रग्बीत वेल्सचा स्वतंत्र संघ आहे, आणि 2002 मध्ये कार्डिफला वेल्सने क्रिकेटच्या एका सामन्यात इंग्लंडला हरवलंही. पण ग्लॅमॉर्गन या वेल्सच्या काउंटी संघाचा कारभार इंग्लंड-वेल्स मंडळाच्या पैशावर चालतो, म्हणून तिथलं क्रिकेट चालवणारेच वेगळं व्हायला कचरतात. आयर्लंड याच्या उलट: आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड अशा दोन राज्यसत्ता, एक संघ, आणि तो एक असण्याचं त्यांना ओझं वाटत नाही. मात्र कसोटी दर्जा नव्हता तोवर एड जॉयस आणि ऑइन मॉर्गन इंग्लंडकडून खेळले. मॉर्गनने तर 2019 चा विश्वचषक इंग्लंडचा कर्णधार म्हणून उचलला. बार्बाडोस उद्या कसोटी दर्जाशिवाय वेगळा झाला तर तिथे हेच घडेल. जोफ्रा आर्चर बार्बाडोसमध्येच जन्मला आणि इंग्लंडकडून खेळतो, हे विसरू नकोस.

पैशाचा भाग तुझ्या लेखात नाहीच. आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, 2024 ते 2027 च्या वाटपात वेस्ट इंडिजचा वाटा साधारण साडेचार टक्के आहे. नव्वदहून अधिक असोसिएट, म्हणजे पूर्ण सदस्य नसलेल्या, देशांना मिळून अकरा टक्क्यांच्या आसपास मिळतात. पूर्ण सदस्यत्व एका मंडळाचं आहे; मंडळ मोडलं तर ते बेटाबेटांना वाटून मिळेल असा नियम नाही. बेटं त्या नव्वदांच्या रांगेत उभी राहतील.

माझं मत विचारशील तर, कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत एकच संघ राहावा, पैसा आणि प्रादेशिक स्पर्धा सामाईक राहाव्यात, आणि टी-ट्वेंटीत बेटांना स्वतःच्या नावाने खेळायची वाट मिळावी. ती वाट आता टाळताही येणार नाही. लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ, आणि ऑलिंपिकला वेस्ट इंडिज नावाचा देश ठाऊक नाही. तिथे उतरायचं तर बेट म्हणूनच उतरावं लागेल.

म्हणून दुसरा खर्डा 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेपासून सुरू कर. महिलांच्या क्रिकेटमध्ये तिथे बार्बाडोस गेला, प्रादेशिक विजेता म्हणून. हेली मॅथ्यूजच्या संघाने पाकिस्तानला हरवलं. जमैकाची स्टेफनी टेलर, इतकी वर्षं वेस्ट इंडिजची आधार, त्या स्पर्धेत असू शकत नव्हती. मॅथ्यूजचा अभिमान आणि टेलरची हुकलेली संधी, दोन्ही त्याच एका निर्णयातून आले. यातली एक बाजू गाळून लिहिलंस तर मी पुन्हा परत पाठवीन. महिन्याअखेर वाट बघतो.

तुझा,
सर