शंका-समाधान : सेंद्रिय कशाला म्हणायचं?

प्रश्न : बारावीतली माझी मुलगी म्हणते, युरिया हे सेंद्रिय संयुग आहे. मग तो सेंद्रिय शेतीत का चालत नाही?

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. रसायनशास्त्रात थोडे अपवाद सोडले तर कार्बनची सगळी संयुगं सेंद्रियच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोलर यांनी १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हापासून ती सजीवांपासूनच मिळतात हा समज मागे पडला. शेतीत मात्र पदार्थ आला कुठून, हे पाहतात. गोणीतला युरिया कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो, म्हणून वर्ज्य. उलट गंधक आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) यांत कार्बन नावालाही नाही, तरी खनिज म्हणून दोन्ही चालतात. मोरचुदावर मात्र मर्यादा आहे, कारण तांबं जमिनीत साठत जातं. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, फवारण्याआधी सेंद्रिय शेतीचा दाखला देणाऱ्या प्रमाणीकरण संस्थेला जरूर विचारा.

एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५० लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळा. स्वच्छ लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, पानं करपतील. चुन्याची निवळी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आला. रासायनिक खत बंद केलं की वाढेल का?

उत्तर : नुसतं बंद करून नाही वाढणार. हा आकडा कुजलेल्या काडीकचऱ्यातल्या कार्बनचा आहे. खत कोणतं वापरता याचा नाही. ०.५ च्या खाली म्हणजे कमी. पाचट जाळू नका, ताग फुलोऱ्यावर येताच गाडा, शेणखत चांगलं कुजवून टाका. आपल्या उष्ण हवेत वारंवार नांगरटीने कर्ब झपाट्याने उडतो, तेव्हा वाढ सावकाशच होईल. नमुना उकिरड्याजवळचा किंवा झाडाखालचा घेतला असेल तर आकडाच फसवा.

प्रश्न : गुळाच्या पाकिटावर नुसतं ‘ऑर्गॅनिक’ छापलंय. भरवसा ठेवावा?

उत्तर : नाही. ‘जैविक भारत’ चिन्ह आणि प्रमाणीकरणाचा तपशील पाहा. ‘पीजीएस ग्रीन’ (पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून प्रमाणित करायची पद्धत) असेल तर शेत अजून रासायनिककडून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात आहे. छोटा शेतकरी स्वतः थेट तुम्हाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे गुऱ्हाळावर जाऊन रस कशाने साफ करतात ते विचारा.