रेटिनॉइक ॲसिडनंतर पोटॅशियमचा प्रवाह दुप्पट झाला, म्हणजे चॅनेलही दुप्पट झाले का?

एसएच-एसवाय५वाय या न्यूरोब्लास्टोमाच्या (मुलांमधल्या, चेतापेशींच्या पूर्वज पेशींपासून होणाऱ्या गाठीच्या) पेशींना सहा दिवस १० मायक्रोमोलर रेटिनॉइक ॲसिड (पेशींना चेतापेशीसारखं व्हायला लावणारं द्रव्य) दिल्यावर पोटॅशियमचा प्रवाह ६०० वरून १२०० पिकोअँपिअर झाला, तर चॅनेल, म्हणजे पोटॅशियमला वाट देणारी पटलातली दारं, दुप्पट झाले म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात म्हणू नका. आधी कपॅसिटन्स, म्हणजे पेशीच्या पटलाच्या क्षेत्रफळाचं माप, बघा. पेशीला लांब धागे फुटले की तिचं पटलही वाढतं. समजा, आधी १० पिकोफॅरड होतं आणि आता २४ आहे. मग घनता, म्हणजे दर पिकोफॅरडमागचा प्रवाह, ६० वरून ५० वर आली, म्हणजे उलट घटलीच! शिवाय लांब धाग्यांच्या टोकापर्यंत तुमचा व्होल्टेज क्लॅम्प (पेशीचं व्होल्टेज ठरावीक ठेवून प्रवाह मोजणारी पद्धत) नीट पोचत नाही. मी म्हणूनच आखूड धाग्यांच्या, सुट्या पेशी निवडते.

पण माझ्या मते खरा बदल एकूण आकड्यात नाहीच, कोणता चॅनेल पेशीचं विश्रांतीचं व्होल्टेज सांभाळतो त्यात आहे. बाहेर ५ आणि आत १४० मिलीमोलर पोटॅशियम धरलं तर ३७ अंशांना त्याचा समतोल, म्हणजे त्याचा निव्वळ प्रवाह थांबतो ते व्होल्टेज, उणे ८९ मिलीव्होल्टच्या आसपास येतो. विभाजन पावत राहणारी न्यूरोब्लास्टोमाची पेशी मात्र त्यापासून बरीच वर, बऱ्याचदा उणे ४० च्याही वर बसलेली दिसते. तिथे मोठा वाटा हर्ग नावाच्या पोटॅशियम चॅनेलचा. हृदयाच्या ठोक्यात महत्त्वाचा असलेला हाच चॅनेल या गाठींच्या पेशींतही सापडतो, आणि १९९० च्या दशकातल्या कामातून त्याचा पेशीचक्राशी असलेला संबंधही पुढे आला. पेशी चेतापेशीसारखी होऊ लागली की व्होल्टेज खाली सरकतं आणि हर्गवरची भिस्त कमी होते.

तुम्ही व्होल्टेजच्या फक्त धन पायऱ्या देताय, त्यात उशिरा उघडणारे चॅनेल इतके मोठे दिसतात की हर्ग झाकला जातो. बाहेरचं पोटॅशियम ४० मिलीमोलर करा, पेशी ० मिलीव्होल्टवर धरा आणि उणे १२० ची पायरी द्या. आत येणारा प्रवाह झटकन वाढून मग उतरतो, तो उंचवटा हर्गचा.

अजून एक. एसएच-एसवाय५वायच्या वंशात चपट्या, चिकटून राहणाऱ्या पेशीही असतात आणि त्या रेटिनॉइक ॲसिडला तशी दाद देत नाहीत. त्या सरासरीत मिसळू देऊ नका. मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात याच कुळातलं आयसोट्रेटिनॉइन औषध म्हणून दिलं जातं, त्यामुळे कोणत्या पेशी बदलल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या हे कळणं मला फार मोलाचं वाटतं.

शेवटी हर्ग अडवणारं ई-४०३१ देऊन करंट क्लॅम्पमध्ये (प्रवाह ठरावीक ठेवून व्होल्टेज मोजत) बघा. रेटिनॉइक ॲसिड न दिलेल्या पेशीचं व्होल्टेज ठळकपणे वर गेलं आणि ते दिलेल्या पेशीचं जेमतेम हललं, तर बदल हर्गमध्ये आहे असं लिहायला हरकत नाही.