पोस्टिंगला गाडीने निघताना

नवऱ्यासोबत पहिल्याच पोस्टिंगला एवढा लांबचा प्रवास म्हणजे धाकधूक होणारच. बदलीचा आदेश, लग्नाचं प्रमाणपत्र, गाडीची कागदपत्रं, औषधं आणि दोन-तीन दिवसांचे कपडे एकाच पिशवीत घाल आणि ती हाताशी ठेव. सामानाचा ट्रक उशिरा पोचणार, हे धरूनच चाल.

टायरकडे मात्र नीट लक्ष दे. कडेला निर्मितीचे चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. फार जुने असतील तर निघण्याआधीच बदला. हवा टायर थंड असताना भरायची, आणि भरल्या गाडीसाठी जो आकडा दिलेला असतो त्याप्रमाणे. जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून लावा. स्टेपनी आणि जॅक त्याखाली गाडले जाणार नाहीत असं बघ; अंधारात रस्त्याकडेला सगळी डिकी उपसायला लागणं फार वाईट.

दर दोन तासांनी थांबा, आलटून पालटून चालवा. रुजू व्हायच्या आधी एखादा दिवस मोकळा ठेवा. गाडी चालवताना नवऱ्याचे डोळे जड झालेले दिसले की "अजून थोडंच राहिलंय" हे अजिबात ऐकू नकोस, गाडी सुरक्षित जागी थांबवायला लाव.