बाखच्या जी मायनर व्हायोलिन सोनाटातील अदाजिओची लय, स्वर आणि भाव

जर्मन रचनाकार योहान सेबास्टियन बाख यांच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या पहिल्या सोनाटातील, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनेतील (१७२०चे हस्तलिखित), पहिल्या भागाची लय, मूळ स्वर आणि भाव कोणते, असा प्रश्न आहे. त्याची लय अदाजिओ, म्हणजे संथ आहे आणि मूळ स्वर जी मायनर, म्हणजे जी हा आधारस्वर असलेली उदास छटेची स्वरावली, आहे. मेट्रोनोमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके हे ठरवणाऱ्या यंत्राचा, आकडा बाख यांचा असू शकत नाही, कारण ते यंत्र एकोणिसाव्या शतकातले. छापील प्रतीत आकडा दिसला तर तो संपादकाचा समजावा.

या भागाचा खरा गाभा पहिल्याच स्वरसमूहात ऐकू येतो: जी आणि डी या खालच्या दोन मोकळ्या तारांवर बी फ्लॅट आणि वरचा जी ठेवलेला असतो, त्यामुळे मोकळ्या तारांचा नाद व्हायोलिनच्या पेटीभर घुमतो आणि गांभीर्य तिथेच प्रस्थापित होते. त्यानंतरच्या बारीक, वेगवान स्वरांच्या ओळी पाहून अनेक विद्यार्थी घाई करतात. कोरेलींसारखे इटालियन रचनाकार संथ भागांत केवळ सांगाडा लिहीत आणि अलंकरण वादकावर सोपवीत, तर बाख यांनी येथे ते अलंकरणच लिहून ठेवले आहे. म्हणून त्या ओळी मोजून दाखवण्यापेक्षा एका स्वरसमूहाकडून दुसऱ्याकडे आलापासारख्या सहज वाहू द्याव्यात, मात्र चार ठोक्यांची नाडी आत जिवंत ठेवावी.

भाव शोकाचा आहे, पण मला तो विलापापेक्षा प्रार्थनेच्या जवळचा वाटतो. तिसरा भाग, सिसिलियाना, बी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे उजळ छटेच्या स्वरावलीत, आहे. तो लगेच ऐकल्यास दोन्ही भागांच्या भावांतला फरक स्पष्ट जाणवेल.