वडिलांच्या जांघेत हर्निया निघालाय. ऑपरेशन शहाद्याकडेच करावं का, आणि सर्जन कसा निवडायचा?

तुम्ही लिहिलंय की वडील ६२ वर्षांचे आहेत, शेती करतात. उजव्या जांघेत गाठ येते, आडवं झालं की आत जाते, फारशी दुखत नाही. नातेवाईक म्हणतात नाशिक-पुण्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका, आणि वडील म्हणतात कापूस घरात येईपर्यंत नावच काढू नका. मी सर्जिकल वॉर्डात आणि नंतर ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून नोकरी केली आहे. पहिल्यांदाच झालेल्या, एका बाजूच्या, आत जाणाऱ्या हर्नियासाठी पुणं गाठायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन जवळ असेल तर वडिलांना तिथेच न्या. टाके बघायला, सूज दाखवायला, रात्री शंका आली तर विचारायला तोच जवळ असणार आहे.

आधी दुखणं समजून घ्या. वृषण जन्माआधी पोटातून खाली उतरतं. त्याची जांघेतली वाट पुरुषांमध्ये कायमची कच्ची जागा राहते. वर्षानुवर्षांचा खोकला, शौचाला कुंथणं, प्रोस्टेटमुळे लघवीला लावावा लागणारा जोर, वाढतं वय, यांनी तिथली भिंत सैल होते आणि आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. शंभरातल्या सुमारे २७ पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं, बायकांमध्ये प्रमाण सुमारे ३. म्हणजे वडिलांच्या हातून काही चुकलं असं अजिबात नाही, हे त्यांना जरूर सांगा. खूप जण लाजेने वर्षानुवर्षं लपवतात.

मोठ्या माणसाचं हे भोक गोळ्यांनी, काढ्याने, व्यायामाने बुजत नाही. पट्ट्यानेही नाही. पट्टा सोडल्यावर जांघेत काळे वळ आणि सोललेली कातडी मी किती वेळा पाहिली आहे. गाठ पुरती आत गेलेली नसताना वरून पट्टा आवळला तर आतडंच दाबलं जातं, ते जास्त वाईट.

मग लगेच कापायचंच का? त्रास नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या पुरुषांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००६ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलं, तर हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी निघालं. पण त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा दहा वर्षांत दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. म्हणजे घाई नाही, पण विषय टळतही नाही. हे फक्त पुरुषांच्या जांघेतल्या हर्नियाचं झालं. बाईच्या जांघेत गाठ आली तर वाट पाहू नका, तिथे अडकण्याचा धोका बराच जास्त असतो. तान्ह्या बाळाची फुगलेली बेंबी बहुतेकदा चार-पाच वर्षांत आपोआप बसते, जांघेतली गाठ मात्र बसत नाही.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. गाठ कडक झाली, आत जाईना, दुखणं वाढत चाललं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरायचा थांबला, वरची कातडी लाल झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं असलेलं जे हॉस्पिटल सर्वांत जवळ असेल तिथे लगेच न्यायचं. वाटेत खायला-प्यायला द्यायचं नाही, गाठ दाबायची नाही, चोळायची नाही. रात्रभर शेक देऊन पहाटे आणलेल्या पेशंटचं आतडं काळं पडलेलं मी टेबलावर पाहिलंय. वेळेत आला असता तर साध्या ऑपरेशनवर निभावलं असतं, त्याला आतडं कापून जोडावं लागलं.

आता ऑपरेशन. पूर्वी नुसते टाके ओढून भोक बंद करायचे, त्यात ताण यायचा आणि बऱ्याच जणांचा हर्निया परत यायचा. आता बहुतेक ठिकाणी जाळी बसवतात. कमरेत भुलीचं इंजेक्शन, जांघेवर बोटभर लांबीचा छेद, आणि साधारण सहा बाय तीन इंचांची पांढरी पॉलीप्रॉपिलीनची (एक प्रकारच्या प्लॅस्टिकची) जाळी. सर्जन तिचे कोपरे कात्रीने गोल करतो, वृषणाकडे जाणारी दोरी मधून जावी म्हणून एका टोकाला चीर देतो, आणि जाळी ताण न देता कडेने शिवतो. महिना-दोन महिन्यांत तिच्या छिद्रांतून आपलंच मांस वाढून भिंत पक्की होते.

या जाळीबाबत तुमच्या शेजारच्या गावाचं नाव जगभर गेलंय, ते मुद्दाम सांगते. दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी गरीब पेशंटना महागडी जाळी परवडत नाही म्हणून मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि इतर सर्जनांना सोबत घेऊन २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पुढे युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर अशी स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांची तुलना झाली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही, म्हणजे जवळपास बरोबरी. तुम्ही मच्छरदाणीची जाळी मागा असं माझं म्हणणं नाही. पण तालुक्याच्या गावात हे ऑपरेशन कच्चंच होणार, हा समज मनातून काढा. आणि कुणी फार महागडी जाळी सुचवली तर साधी का चालणार नाही हे जरूर विचारा.

सर्जन निवडताना फॅमिली डॉक्टरांना एवढंच विचारा, "तुमच्या घरातल्या माणसाचं असतं तर कुणाकडे नेलं असतं?" डिग्री एम.एस. किंवा डी.एन.बी. जनरल सर्जरी हवी. रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतं. पण माझा खरा भरवसा तपासणीवर. चांगला सर्जन पेशंटला उभं करतो, कपडे सैल करायला सांगतो, जांघेवर बोटं ठेवून खोकायला लावतो, दुसरी बाजूही बघतो, हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती साचलेलं पाणी, नाही ना याची खात्री करतो. लघवीची धार कशी आहे, खोकला, तंबाखू, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं विचारतो. पेशंटला उभंही न करता नुसता सोनोग्राफीचा कागद वाचून तारीख देणारा असेल तर दुसरीकडे दाखवा. महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता, परत किती येतात, भूल कोण देणार, रात्री पेशंट कोण बघणार, जाळी धरून एकूण बिल किती, हे संकोच न करता विचारा. न चिडता उत्तर देणारा माणूस नंतरही फोन उचलतो.

नेटवर शोधलं की वर जाहिराती येतात, त्यातले काही नंबर हॉस्पिटलचे नसून मधल्या कंपन्यांचे असतात. नंबर दिला की दिवसभर फोन. "लेझरने हर्निया" या शब्दांना भुलू नका, लेझरने भोक बुजत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन चांगलं आहे, खासकरून दोन्ही बाजूंना असेल किंवा आधी उघडं ऑपरेशन होऊन परत आला असेल तर. पण त्याला सहसा पूर्ण भूल लागते आणि सर्जनचा हात त्यात बसलेला हवा.

पैशांची अडचण असेल तर धुळ्याचं भाऊसाहेब हिरे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, नंदुरबारलाही सरकारी कॉलेज झालंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुठे बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, रेशनकार्ड दाखवून विचारा. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी नीट वाचा, हर्नियाला बहुधा पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं.

नंतर अंडकोशाला सूज किंवा निळसर डाग दिसला तर घाबरू नका, बहुतेकदा तो उतरतो. पण ताप, पू किंवा लघवी तुंबणं दिसलं तर लगेच दाखवा. दहातल्या एखाद्याला जांघेत बरेच महिने दुखतं, हे सही करण्याआधी वडिलांना समजू द्या.

आता कापसाचं. गाठ सहज आत जात असेल आणि दुखत नसेल तर वेचणी उरकून ऑपरेशन करायला माझी हरकत नाही, पण सर्जनला आत्ताच दाखवून घ्या. तोवर गाठोडी आणि पोती दुसऱ्यांना उचलू द्या, बद्धकोष्ठ आणि खोकल्यावर इलाज करा, तंबाखू-बिडी बंद करा. घरी आल्यावर चालणं-फिरणं पहिल्या दिवसापासून होतं, जड कामाला मात्र काही आठवडे सुट्टी द्यावी लागेल. तेव्हा तारीख धरताना पुढच्या हंगामाची नांगरट लक्षात घेऊन धरा.