विजया तेल घ्यावं का?

प्रश्न : आईचे गुडघे फार दुखतात. विजया तेल, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल, पोटात घ्यायला द्यावं म्हणतात. कॅनडात गांजा खुला आहे, मग इथं हे चालतं का? (वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : कॅनडानं २०१८ मध्ये मौजेसाठीही गांजाला परवानगी दिली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि ते थोडे बाळगणं हाही गुन्हाच. नुसती पानं नि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच पानांपासूनची आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात.

बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि टीएचसीचं प्रमाण नसेल तर परत करा. टीएचसी म्हणजे या झाडातला नशा आणणारा घटक. समजा बाटलीत ३० मिलीत १५०० मिलिग्रॅम अर्क आहे, म्हणजे मिलीला ५०. मिलीचे साधारण २० थेंब धरले, तर थेंबाला अडीच मिलिग्रॅम. मात्रा वैद्यांकडून थेंबांत लिहूनच घ्या.

घोटाळा होतो तो घाईनं. पोटातून घेतलेल्याचा परिणाम दिसायला तासदोन तास लागतात. अर्ध्या तासात ‘काहीच झालं नाही’ म्हणून पुन्हा देतात, आणि मग चक्कर, धडधड, रात्री पडणं. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर गुडघेदुखी बरी म्हणायची वेळ येते. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही देऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो.