वाचकांचे प्रश्न : कोर्टात ‘प्लीड’ करायचं म्हणजे पदर पसरायचा का?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्या आईने तिच्या माहेरच्या शेतीत, काटोलकडे संत्र्याची बाग आहे, वाटणीसाठी मामांवर दावा टाकलाय. परवा वकीलसाहेब म्हणाले, काकू काळजी नका करू, आपलं प्लीडिंग पक्कं आहे. घरी आल्यावर माझ्या मुलीने मोबाईलवर पाहिलं तर प्लीड म्हणजे याचना करणे, गयावया करणे. आईला ते फार लागलं. म्हणते, “माझ्या बापाचं वावर आहे, मी काय कोणापुढे पदर पसराले गेली का? असं असन तर केस वापस घ्या.” खरा अर्थ काय आणि हा शब्द आला कुठून, जरा सांगाल का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी आईंना सांगा की या शब्दापायी तरी केस वापस घेऊ नका, कारण मोबाईलवर जो अर्थ दिसला तो चुकीचा नसला तरी नंतरचा आहे. प्लीड हा शब्द मुळात कोर्टातलाच. कोर्टात आपली बाजू मांडणे, दावा लढवणे हा त्याचा पहिला अर्थ, आणि गयावया करण्याचा अर्थ त्याला कोर्टाच्या बाहेर पडल्यावर लागला.

आता मूळ. लॅटिनमध्ये प्लाकेरे असं क्रियापद आहे, अर्थ आवडणे, पसंत पडणे. त्यापासून प्लाकितुम, म्हणजे जे पसंत पडलं ते, जे ठरलं ते. राजाला किंवा सभेला जे पसंत पडलं तो निर्णय, मग तो हुकूम, मग मध्ययुगात जिथे असे निर्णय व्हायचे ती बैठक, आणि शेवटी त्या बैठकीपुढे आलेला खटला, असा हा शब्द सरकत गेला. जुन्या फ्रेंचमध्ये तो झिजून खटला लढवणे या अर्थाचं क्रियापद झालं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, म्हणून कोर्टाचे शब्दही फ्रेंच, आणि तिथून तेराव्या शतकाच्या सुमारास प्लीड इंग्रजीत शिरला तो कोर्टातला शब्द म्हणूनच. आपण रोज म्हणतो तो प्लीजसुद्धा त्याच प्लाकेरेपासून निघालाय, आणि डॉक्टर ज्याला प्लासिबो म्हणतात, औषध नसलेली गोळी, तोही, लॅटिनमध्ये त्याचा सरळ अर्थ ‘मी खूश करीन’ असा होतो. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी रडणं कुठेच नाही. रडण्याचं मूळ पाहिजे असेल तर इंग्रजीत इम्प्लोअर आहे, त्यातला लॅटिन धातू खरोखर रडणे या अर्थाचा आहे.

मग गयावया कुठून आली? कोर्टात माणूस आपली बाजू जीव तोडून मांडतो, समोरच्याचं मन वळवायचं असतं, तेच ‘जीव तोडून’ हळूहळू शब्दाला चिकटलं आणि कोर्टाबाहेर कोणी कोणाला कळकळीने विनवायला लागलं की त्यालाही प्लीड म्हणू लागले. आता दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘He pleaded with the bank manager for more time’ म्हटलं की तो काकुळतीला आलाय, आणि ‘He pleaded his case’ म्हटलं की त्याने आपली बाजू मांडली. पुढे विथ आला की समोर ज्याला विनवायचं तो माणूस असतो, एवढं मुलीला सांगा, परीक्षेतही कामी येईल.

मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे की आपल्याकडे नेमकं उलटं झालं. फिर्याद हा फारसी शब्द, मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. तो मराठीत येऊन पोलीस ठाण्याचा आणि कोर्टाचा कोरडा शब्द झाला. तिकडे खटल्यातून निघालेला शब्द काकुळतीपर्यंत गेला आणि इकडे आक्रोशातून निघालेला शब्द खटल्यात जाऊन बसला. दाद मागणे हेही पाहा, यात मागणे आहे म्हणून आपल्याला ते हात पसरल्यासारखं वाटू शकतं, पण फारसीत दाद म्हणजेच न्याय. आणि प्लीडसाठी मराठीत एकच शब्द सुचवायचा झाला तर मी कैफियत म्हणीन. मूळ अरबी ‘कसं’ या शब्दावरून आलेला, म्हणजे घडलं कसं ते सांगणं. आपल्या कोर्टात प्रतिवादीच्या लेखी उत्तरालाही कैफियतच म्हणतात, तुमच्या मामांनी दिली असेल ती. आणि गंमत बघा, घरात कोणी तक्रार घेऊन बसलं की आपण म्हणतो, मांड बाई तुझी कैफियत.

आता कायद्यात काय आहे ते. आपली दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. त्यातल्या आदेश ६ च्या पहिल्याच नियमात प्लीडिंग म्हणजे काय ते सांगितलंय : वादीचं वादपत्र किंवा प्रतिवादीची लेखी कैफियत, बस. दुसरा नियम म्हणतो की त्यात महत्त्वाच्या घटना थोडक्यात लिहायच्या, त्या सिद्ध करणारा पुरावा त्यात भरायचा नाही, तो नंतर. जी गोष्ट प्लीडिंगमध्ये नाहीच त्याबद्दल उद्या कितीही साक्षीदार आणले तरी साधारणपणे कोर्ट ते बघत नाही, म्हणून वकील लोक प्लीडिंग पक्कं असण्यावर इतका जीव टाकतात आणि म्हणूनच तुमच्या वकीलसाहेबांनी आईंना धीर देताना तोच शब्द वापरला.

घरी दाव्याची कॉपी असेलच, ती काढा आणि दोन वाक्यं आईंना मोठ्याने वाचून दाखवा. एक साधारण असं असेल : वादी ही मयत अमुक यांची मुलगी असून दावा मिळकतीत तिचा अमुक इतका हिस्सा आहे. हे प्लीडिंग. यात विनवणी नाही, हिस्सा ‘आहे’ असं लिहिलंय, ‘मिळाला तर बरं’ असं नाही. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मापासूनचा झालाय, आणि २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवे होते असं नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. आपल्याकडे किती बहिणींनी भावाच्या शब्दाखातर हक्कसोडपत्रावर सही केली आणि पुन्हा सातबारा डोळ्यांनी बघितला नाही, त्या हिशोबाने तुमच्या आईंनी हे ‘आहे’ कागदावर लिहून खाली सही केली ही फार मोठी गोष्ट आहे. हो, खाली प्रतिज्ञालेख असतो, हा मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे म्हणून, आणि त्यावर सही वादीची लागते. म्हणजे तो मजकूर आईंचा, वकिलांनी फक्त लिहून दिला.

दुसरं वाक्य अगदी शेवटी : सबब विनंती की, वादीचा दावा मंजूर करण्यात यावा. याला इंग्रजीत प्रेयर म्हणतात, आणि हा शब्द मात्र खरंच याचनेतून आलाय, लॅटिन प्रेकारी म्हणजे विनवणे. आईंना इथे खटकेल, खटकू द्या, पण ही कोर्टाची लिहिण्याची रीत आहे, सरकार जेव्हा स्वतः दावा लावतं तेव्हा सरकारच्या कागदावरही हेच प्रेयर असतं. आणि सरकारच्या दिवाणी वकिलाला कायद्यात गव्हर्नमेंट प्लीडर म्हणतात, सिव्हिल लाईन्सला हायकोर्टात या नावाचं ऑफिस आहे, ते लोक काही सरकारसाठी रोज भीक मागायला जात नाहीत.

भाषेचं अजून एक. इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला कोर्टातलं फ्रेंच कळेना, त्याच्या नावाने काय बोललं जातंय तेच त्याला समजेना, म्हणून १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात प्लीडिंग इंग्रजीत व्हावं असा कायदा झाला. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता आणि वकिलांनी पुढेही शतकानुशतकं फ्रेंच सोडली नाही. तुमचं वादपत्र इंग्रजीत असेल तर वकीलसाहेबांना सरळ म्हणा की आईंना मराठीत पूर्ण समजावून सांगा, त्यांची सही आहे, त्यांचा तो अधिकार आहे.

प्रश्न : प्लीडेड बरोबर की प्लेड? आणि पेपरमध्ये ‘प्लीडेड इनोसंट’ वाचलं, ते चालतं का?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, धंतोली

उत्तर : पेपरात प्लीडेड लिहा. प्लेड हे फीड-फेडच्या चालीवर झालेलं रूप, अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये चालतं, पण आपल्याकडे तपासणारा ते चूक धरू शकतो. दुसरं, कोर्टात आरोपीला विचारतात गुन्हा कबूल आहे की नाही, म्हणून प्लीड गिल्टी आणि प्लीड नॉट गिल्टी. प्लीडेड इनोसंट ही बातम्यांमधली भाषा, कायद्यातली नाही. आरोपीला स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं नसतं, त्याने फक्त आरोप नाकबूल करायचा, सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम.

प्रश्न : अर्जात ‘आय बेग टू स्टेट’ लिहायला आम्ही शाळेत शिकलो. नातू म्हणतो हे आता कोणी लिहीत नाही. खरं का?
— एक निवृत्त शिक्षक, उमरेड

उत्तर : नातू बरोबर सांगतोय, सर. बेगचा सरळ अर्थ भीक मागणे असला तरी आय बेग युवर पार्डन, आय बेग टू डिफर यांत तो नुसता अदबीचा शब्द आहे. इंग्रजांच्या ऑफिसातल्या पत्रांत ही अदब ठासून भरलेली असायची, तिथून ती आपल्या अर्जांत आली आणि तापाच्या सुट्टीच्या अर्जापर्यंत पोचली. तुम्ही शिकवलं ते त्या काळी चूक नव्हतं, पण आज त्याला आय राइट टू इन्फॉर्म यू दॅट एवढं शिकवा आणि पुढे लगेच मुद्दा लिहायला सांगा.